पाऊण कोटीची डिग्री, चोवीस हजारांचा पगार

प्रश्न : ताई, मी सोलापूर जिल्ह्यात एका मराठी दैनिकाची बातमीदार आहे. वय २७. सोलापूर विद्यापीठातून पत्रकारितेत एम.ए. केलं, त्यानंतर चार वर्षं नोकरी. ऊस, पाणी आणि साखर कारखाने हे माझे विषय. अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात पत्रकारितेच्या एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. त्यांनी फी, राहणं, विमा सगळं धरून १ लाख २० हजार डॉलर खर्च सांगितला आहे आणि ३५ हजारांची स्कॉलरशिप देऊ केली आहे. माझा पगार २४ हजार रुपये. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. बार्शीचं घर तारण ठेवू म्हणतात. आई गप्प आहे. १५ एप्रिलपर्यंत होकार कळवायचा आहे. बाकीची मुलं एवढे पैसे आणतात कुठून? मी जाऊ का?
— एक बातमीदार, बार्शी

उत्तर : तुझी मुदत हा अंक निघायच्या आधीच संपत होती, म्हणून ‘घर तारण ठेवू नकोस’ एवढं तुला मेलवर लगेच कळवलं. त्यावर तुझं उत्तर आलं, ‘का ते सांगा.’ बातमीदाराला शोभेल असंच. तर आता सविस्तर. विद्यापीठाचं नाव तू लिहिलं आहेस, ते इथे छापत नाही.

आधी हिशेब. स्कॉलरशिप वजा जाता ८५ हजार डॉलर उरतात. डॉलर ८८ रुपयांना धरला तर झाले पाऊण कोटी. कर्ज साडेदहा टक्क्यांनी मिळालं असं समजू. दहा वर्षांत फेडायचं असेल तर एका लाखामागे महिन्याला साधारण साडेतेराशे रुपये हप्ता बसतो. हा आकडा वहीत लिहून ठेव, पुढे लागेल. पाऊण कोटीला तो हप्ता होतो महिना एक लाखाच्या वर. पंधरा वर्षांची मुदत घेतलीस तरी ८२ हजारांच्या खाली येत नाही. शिकत असताना हप्ता नसतो हे खरं, पण व्याज थांबत नाही. पूर्ण रक्कम उचललेली असेल तर वर्षाला पावणेआठ लाखांहून जास्त नुसतं व्याज चढतं.

यावर सगळे म्हणतात, ‘अगं, तिकडे नोकरी लागली की दोन वर्षांत फिटेल.’ हे वाक्य आपल्याकडे आलं कॉम्प्युटर शिकायला गेलेल्या मुलांच्या घरांतून. त्यांना शिक्षणानंतर तीन वर्षं तिथे काम करता येतं आणि पगार पत्रकाराच्या दुप्पट असतो. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याच्या परवानगीचं, एकच वर्ष मिळतं. त्यातही ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. डेटा जर्नालिझमच्या काही अभ्यासक्रमांवर ‘स्टेम’चा, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान गटाचा, शिक्का असतो, त्यांना आणखी दोन वर्षं मिळतात. तुझ्या प्रवेशपत्रात तसं काही दिसलं नाही. अमेरिकेतल्या बातमीदाराचा मधला पगार वर्षाला ६० हजार डॉलरच्या आसपास आहे. नवख्याला त्याहून कमी, आणि न्यूयॉर्कसारख्या शहरात त्यातला मोठा वाटा घरभाडं खातं. ओपीटी संपल्यावर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून नव्याने आणायच्या कर्मचाऱ्यामागे एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. तिथेच शिकून तिथेच नोकरीला लागणाऱ्यांना ते नाही, असा खुलासा नंतर झाला. पण एखाद्या छोट्या शहरातल्या पेपरला वकील गाठून एका बातमीदारासाठी लॉटरीत नाव घालणंच जड जातं, शुल्क तर पुढची गोष्ट.

तेव्हा परत यायचं आहे असंच धरून चाल. मुंबई-दिल्लीच्या इंग्रजी न्यूजरूममध्ये किंवा एखाद्या चांगल्या वेबसाइटवर साठ-सत्तर हजारांनी सुरुवात झाली तर ती चांगली म्हणायची. सत्तर हजार धरू. त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त हप्ता भरून मुंबईत माणूस जगू शकत नाही. म्हणजे २३ हजार. आता वहीतला साडेतेराशेचा आकडा काढ आणि भाग दे. सतरा लाख. ही तुझी कर्जाची मर्यादा. फी कितीही असो, कर्जाचा आकडा परत आल्यावरच्या पगारावरून ठरवायचा.

याहून मोठं कर्ज डोक्यावर घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. कर्ज बुडवत नाहीत बिचारी, पत्रकारिता सोडतात. कंपन्यांच्या जनसंपर्क खात्यात जातात, कारण तिथे हप्त्यापुरता पगार मिळतो. तू ऊस आणि कारखान्यांवर लिहितेस. उद्या पाऊण कोटी फेडण्यासाठी एखाद्या कारखान्याच्याच चेअरमनची भाषणं लिहायला बसलीस, तर तुझ्या बाबांनी घर कशासाठी गहाण टाकलं?

आता ‘बाकीची मुलं’. खरं उत्तर असं की बऱ्याच जणांच्या घरात पैसा असतो आणि ते कुणी सांगत नाही. त्यांचे फोटो पाहून स्वतःला कमी लेखू नकोस. उरलेल्यांत काही नोकरी करत शिकणारे, काही पूर्ण फेलोशिपवाले आणि बाकीचे चार ठिकाणचे तुकडे जोडणारे.

मी स्वतः नोकरी करत शिकणाऱ्यांतली. २००३ साली मिझुरी विद्यापीठात गेले, डॉलर तेव्हा ४६ रुपयांच्या आसपास होता. तिथली पत्रकारितेची शाळा १९०८ची, अमेरिकेतली पहिली. ज्या गावात ती आहे त्याचं नाव कोलंबिया. त्यामुळे माझे मामा वर्षभर सगळ्यांना अभिमानाने सांगत होते की भाची न्यूयॉर्कच्या कोलंबियाला आहे, आणि मीही ते फारसं दुरुस्त केलं नाही. मला ग्रॅज्युएट असिस्टंटशिप होती. आठवड्याला वीस तास काम, त्या बदल्यात फी माफ आणि हातखर्चापुरता दरमहा पगार. काम काय, तर पहिल्या वर्षाच्या मुलांच्या बातम्या तपासायच्या. बातमीचा इंट्रो कसा लिहावा हे अमेरिकन पोरांना शिकवणारी सातारची मुलगी, याचं त्यांना काही वाटायचं नाही, मलाच वाटायचं. बाकीचा वेळ ‘कोलंबिया मिझुरियन’च्या कॉपी डेस्कवर. विद्यापीठाचाच पेपर, पण गावासाठी रोज निघायचा, आणि चूक छापली तर गावातला माणूस फोन करून झाडायचा. घरून गेलं ते विमानाचं तिकीट आणि खोलीची अनामत.

असिस्टंटशिप मुख्यतः दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांत आणि सार्वजनिक विद्यापीठांत मिळते. मिझुरीत आहे, ओहायो विद्यापीठाच्या स्क्रिप्स शाळेत आहे. एका वर्षात सगळं कोंबणाऱ्या नामांकित शाळांत ती जवळपास नसतेच, कारण मुलांना झोपायलाही वेळ नसतो. तुझी शाळा त्यातलीच. त्यामुळे ‘तिथे गेल्यावर पार्टटाइम काम करून भागवीन’ हे मनातून काढून टाक. एफ-१वर कॅम्पसवरच काम करता येतं आणि तेही सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच. असिस्टंटशिपसाठी प्रवेशाच्या अर्जाबरोबर बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज लागतो आणि त्याची मुदत आधी संपते. प्राध्यापकांना थेट लिहायला लाजू नकोस. अमुक विषयावर तुम्ही काम करता, मी ऊसतोड कामगारांवर ह्या तीन बातम्या केल्या आहेत, असं चार ओळींचं पत्र. न्यूयॉर्कचाच हट्ट असेल तर तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीची क्रेग न्यूमार्क पत्रकारिता शाळा बघ. २००६ साली सुरू झालेली, टाइम्स स्क्वेअरपासून चालत जाण्याइतकी जवळ, आणि सार्वजनिक असल्यामुळे नामांकित खासगी शाळांपेक्षा फी बरीच कमी.

तुकडे जोडायचे असतील तर सुरुवात मुंबईतून होते, आणि हे मराठी मुलांना का माहीत नसतं कळत नाही. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतं. त्यांच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. के. सी. महिंद्रा ट्रस्टची शिष्यवृत्ती १९५६ पासून आहे, तीही बिनव्याजी कर्जाच्या रूपात. नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनचंही तसंच. हे पैसे फेडायचे असतात, पण व्याज नाही किंवा नाममात्र. माझ्या सतरा लाखांच्या मर्यादेत बँकेऐवजी हे बसव. तिन्हीकडे मुलाखत असते आणि मुलाखतीत ‘परत येऊन काय करणार’ हे विचारतात. तुझ्याकडे त्याचं उत्तर आहे, आणि ते पाठ केलेलं नाही, हे तुझं भांडवल.

इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन मात्र कर्ज देत नाही, शिष्यवृत्तीच देतं, एक लाख डॉलरपर्यंत. अट अशी की प्रवेश हातात असावा, वय तिशीच्या आत असावं, आणि खर्च त्यांच्या मर्यादेच्या वर जात असेल तर उरलेले पैसे कुठून येणार हे दाखवता यावं. तू बसतेस यात. स्पर्धा भयंकर आहे, तरी अर्ज न करण्याचं कारण मला दिसत नाही.

पूर्ण खर्च उचलणाऱ्या फेलोशिप म्हणजे फुलब्राइट-नेहरू आणि ब्रिटनची चिव्हनिंग. फुलब्राइटला तीन वर्षांची पूर्णवेळ नोकरी लागते. पदवी तीन वर्षांची असेल तर तिच्यावर मास्टर्स किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर डिप्लोमा लागतो. तुझं एम.ए. इथे कामाला आलं. विषयांच्या यादीत पत्रकारिता असते, पण ती यादी दर वर्षी स्वतः वाच. चिव्हनिंगला दोन वर्षांचा अनुभव पुरतो आणि लंडन, कार्डिफ अशा ठिकाणचे तीन अभ्यासक्रम अर्जात देता येतात. दोन्हीकडे अट एकच, शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी. मुलं या अटीला बेडी समजतात. मला ती अट वाजवी वाटते. पैसा कुठूनही आला तरी अट घेऊनच येतो, बँकेची अट फक्त जास्त लांब असते. १९१३ साली आंबेडकर न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांवर, आणि परत येऊन संस्थानची दहा वर्षं चाकरी करण्याच्या करारावर सही करून. कोलंबिया विद्यापीठात पुलित्झरच्या देणगीतून पत्रकारितेची शाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ते शिकले अर्थशास्त्र, पण १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ काढला, आणि त्यासाठी अडीच हजार रुपये दिले शाहू महाराजांनी. त्याच वर्षी अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले, तेव्हा स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार उसने, अशी जुळणी होती. तुकडे जोडणं ही काही नवी गोष्ट नाही.

आणखी एक, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त पत्रं यायला हवीत आणि येत नाहीत. युरोपची इरॅस्मस मुंडस पत्रकारिता. दोन वर्षांचं मास्टर्स, इंग्रजीत. पहिलं वर्ष डेन्मार्कमधल्या आऱ्हूसला, दुसरं ॲमस्टरडॅम, प्राग किंवा म्युनिकसारख्या ठिकाणी. शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही आणि महिन्याला १,४०० युरो हातात. आऱ्हूसला थंडी आणि अंधार फार, असं तिथे राहिलेले सांगतात. पण डोक्यावर कर्ज नसलेल्या माणसाला अंधार सोसतो. मी तुझ्या जागी असते तर पहिला अर्ज इथे केला असता.

सरकारी योजनांबद्दल तू विचारलं नाहीस, पण वाचणाऱ्या इतरांसाठी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, शिवाय केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. ओबीसी आणि विमुक्त-भटक्यांसाठी राज्याच्या बहुजन कल्याण विभागाची योजना आहे. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेची आहे आणि तिला बडोद्याच्या सयाजीरावांचंच नाव आहे. मेख एका ठिकाणी आहे. राज्याच्या योजना विद्यापीठाची क्यूएस जागतिक क्रमवारी बघतात, पत्रकारितेच्या शाळेची नाही. त्यामुळे पत्रकारितेत पहिल्या रांगेत असलेलं मिझुरी त्या यादीत मागे पडतं आणि जिथे पत्रकारिता सामान्य आहे असं एखादं विद्यापीठ पुढे असतं. म्हणून आधी यादी बघा, मग अर्ज करा. आणि पहिला हप्ता खात्यात कधी पडतो हे आधीच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचारा. विद्यापीठ फीसाठी थांबतं की नाही, हे विद्यापीठाला विचारा.

तारखांचं म्हणशील तर मुलांची गाडी इथेच चुकते. प्रवेश मिळाला की पैसे शोधायला निघतात. पैशाचं वेळापत्रक प्रवेशाच्या कितीतरी आधी सुरू होतं. फुलब्राइटचा अर्ज साधारण मे महिन्यापर्यंत जातो, तो पुढच्या वर्षीच्या ऑगस्टसाठी. चिव्हनिंग ऑगस्टमध्ये उघडून ऑक्टोबरच्या सुमाराला बंद होते. इरॅस्मस जानेवारीच्या आसपास. मुंबईचे ट्रस्ट आणि इनलॅक्स वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत. दिवस दर वर्षी थोडे हलतात, क्रम हलत नाही.

तेव्हा या वर्षी जाऊ नकोस. मेलवर सांगितलं होतं तसं विद्यापीठाला दोन गोष्टींसाठी लिहिलं असशील असं धरते. पहिली, स्कॉलरशिप वाढवता येईल का. हे विचारणं म्हणजे भीक नव्हे, तिथे ती रीत आहे. पगाराची स्लिप, बाबांचं पेन्शन आणि नेमकी किती डॉलरची तूट आहे तो आकडा, एवढं एका पानात. ‘माझं लहानपणापासूनचं स्वप्न’ हा परिच्छेद गाळायचा. दुसरी, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, आणि ढकलला तर स्कॉलरशिप राहते का. बऱ्याच ठिकाणी प्रवेश राहतो, पैसे राहत नाहीत. म्हणून उत्तर लेखी घे.

व्हिसाबद्दल एक व्यावहारिक सूचना. व्हिसासाठी विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी हा कागद लागतो, तो मिळण्यासाठी पहिल्या वर्षाचे, म्हणजे तुझ्या बाबतीत अख्ख्या अभ्यासक्रमाचे, पैसे दाखवावे लागतात. त्यात बँकेतली शिल्लक, मुदतठेव, मंजूर कर्जाचं पत्र आणि शिष्यवृत्तीचं पत्र चालतं. घराचं मूल्यांकन आणि सीएचा दाखला यांवर भागत नाही. आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना सोशल मीडियावरची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. बातमीदाराच्या खात्यावर काय काय असतं ते तुला माहीत आहे. पुसत बसू नकोस, पण तिथे काय आहे ते मुलाखतीआधी एकदा स्वतः वाचून ठेव.

आणि आईला विचार. ‘गप्प आहे’ एवढ्यावर ती ओळ सोडून तू पुढे गेलीस. घराच्या कागदावर तिचं नाव असेल तर बँकेला तिचीही सही लागेलच. बँकेने विचारण्याआधी तू विचार.

प्रश्न : माझ्या मुलाला अमेरिकेत पत्रकारितेच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. निम्मी फी माफ आहे. इथली बँक डोंबिवलीचा फ्लॅट तारण मागते. एक परदेशी कंपनी तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय डॉलरमध्ये कर्ज द्यायला तयार आहे. तिसरा पर्याय म्हणजे माझे मेव्हणे. ते वीस-बावीस वर्षं न्यू जर्सीत एडिसनला आहेत, अमेरिकन नागरिक आहेत. त्यांनी तिथल्या बँकेत सही केली तर व्याज कमी पडेल म्हणतात. त्यांना विचारावं का?
— एक वडील, डोंबिवली

उत्तर : मेव्हण्यांकडे सही मागू नका, खोली मागा.

तिथे को-सायनरची, म्हणजे सहकर्जदाराची, सही केली की ते कर्ज त्यांचंच. त्यांच्या क्रेडिट रिपोर्टवर ते पहिल्या दिवसापासून दिसतं. त्यांना उद्या स्वतःच्या मुलीसाठी कर्ज काढायचं असेल तर हे आड येतं, आणि तुमच्या मुलाचा एक हप्ता चुकला तरी डाग त्यांच्या नावावर. मेव्हणे ‘हो’ म्हणतीलही, पण बहिणीच्या घरी दिवाळीला गेल्यावर हा विषय दर वर्षी पानात वाढला जाईल.

मुलाचं विद्यापीठ न्यूयॉर्कच्या आसपास असेल तर एडिसन स्टेशनवरून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी थेट मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला जाते. डोंबिवलीच्या मुलाला तो प्रवास प्रवासच वाटायचा नाही. दोन वर्षांचं भाडं आणि निम्मं जेवण वाचलं तर खर्चातली फार मोठी रक्कम कमी होते. बरीच विद्यापीठं अशा राहण्या-जेवणाचं नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र घेऊन आय-ट्वेंटीवरचा राहणीचा आकडा कमी करतात. त्यांचा छापील नमुना असतो, तो आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून मागवा.

तारण न मागणाऱ्या परदेशी कंपन्या, म्हणजे प्रॉडिजी, एमपॉवर वगैरे, मुलाच्या पुढच्या कमाईच्या अंदाजावर कर्ज देतात. त्यांचे अंदाज सगळ्या विषयांना सारखे नसतात, तेव्हा मुलाचं विद्यापीठ आणि नेमका अभ्यासक्रम त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघा. व्याजदर बरेचदा दोन आकडी. आणि कर्ज डॉलरमध्ये. मुलगा परत आला तर रुपयात कमवून डॉलरमध्ये फेडणार. मी गेले तेव्हाचा ४६ चा डॉलर आता जवळपास दुप्पट झाला आहे, यावरून काय ते समजा.

इथल्या बँकेचं कर्ज मला त्यातल्या त्यात सरळ वाटतं, मात्र फ्लॅटच्या किमतीइतकं नव्हे, वर बार्शीच्या मुलीला सांगितलेल्या हिशेबाने. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. तेवढ्यात आणि ट्रस्टच्या पैशात भागत असेल तर फ्लॅटचे कागद कपाटातच राहू द्या. करात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची पूर्ण रक्कम आठ वर्षं वजा मिळते (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०ई), पण जुनी करप्रणाली घेतलीत तरच. आणि १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, लागत नाही. खिशातून पाठवलेल्या पैशाला वर्षाला दहा लाखांची मर्यादा आहे, त्यापुढे लागतो.

तुमचा मुलगा तिथे दोन वर्षं असणार. दुसऱ्या वर्षी असिस्टंटशिप मिळण्याची शक्यता पहिल्या वर्षापेक्षा जास्त असते, कारण तोवर प्राध्यापक ओळखतात. पण ती मिळेलच असं धरून पहिल्याच वर्षी पैसे संपवू नका.

प्रश्न : मी मडगावला एका मराठी नियतकालिकात उपसंपादक आहे. आजोबांमुळे मला पोर्तुगीज पासपोर्ट मिळू शकतो. मित्र म्हणतात, आधी तो घे आणि मग लंडनला पत्रकारितेला जा, फी एक तृतीयांश होईल. हे खरं का?
— ए. ना., मडगाव

उत्तर : एकेकाळी खरं होतं, आता नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ च्या ऑगस्टपासून इंग्लंडमध्ये नव्याने शिकायला येणाऱ्या युरोपीय नागरिकांनाही परदेशी विद्यार्थ्यांचीच फी आहे. आधीपासून तिथे राहून सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळवलेल्यांची गोष्ट वेगळी. तुमचे मित्र बहुधा आपल्या मोठ्या भावांचे अनुभव सांगत असावेत.

युरोपात अजून फरक पडतो. नेदरलँड्समध्ये युरोपीय नागरिकाला वर्षाला अडीच हजार युरोंच्या आसपास फी पडते, बाहेरच्याला त्याच्या कितीतरी पट. डेन्मार्कच्या सार्वजनिक विद्यापीठांत युरोपीय नागरिकाला फीच नाही. तेव्हा पैशापुरतं बोलायचं तर पासपोर्टची किंमत आहे.

पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंत की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, आणि त्याबरोबर फुलब्राइट-नेहरू, इनलॅक्स, टाटा, महिंद्रा अशा भारतीय नागरिकांसाठीच्या सगळ्या वाटा बंद होतात. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड काढून गोव्यात राहता येईल, नोकरीही करता येईल. फक्त ४ मार्च २०२१ च्या गृह मंत्रालयाच्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला भारतात पत्रकारिता करायची असेल तर सरकारची खास परवानगी काढावी लागते. तुम्ही आज मडगावात जे काम कुणाला न विचारता करता आहात, त्याला.

तुमचं वय आणि अनुभव लिहिला नाहीत. दोन वर्षं नोकरी झाली असेल तर आहे त्याच पासपोर्टवर चिव्हनिंगचा अर्ज भरा, ऑगस्टमध्ये उघडेल. शिफारसपत्रांसाठी दोन नावं लागतात, ती आतापासून ठरवून ठेवा.